दारावरच्या दुधाच्या पिशव्या

मंगळवार, संध्याकाळ

भाची मीनलच्या कॉलेजच्या गुन्हेपटाच्या सुरुवातीचं शूटिंग आज माझ्या फ्लॅटच्या दारात. आत एकटी म्हातारी मेलेली, हे कळणार कशावरून? कडीला लटकलेल्या दोन-तीन दिवसांच्या दुधाच्या पिशव्यांवरून. कॅमेरा जिन्यात लपवलेला, मी दाराआड.

दुपारभर शेजारी त्या पिशव्यांना वळसा घालून गेले. बेल एकानेही वाजवली नाही. शेवटी समोरची सुषमा थांबली. मला वाटलं, आली बाई!

"काकू, दूध नासून राहिलं तुमचं! जिन्यात वास येऊन राहिला ना!"

उत्तराची वाट न पाहता गेली.

मीनल खूश. "मावशी, किती खरं वाटतंय!"

खरंच आहे, मूर्ख मुली! लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर निदान रोज हजेरी तरी घ्यायच्या.

उद्यापासून दूधवाल्याने पिशवी अडकवायची नाही. बेल वाजवायची, आणि मी दार उघडेपर्यंत हलायचं नाही.