उडीनंतर डावीकडे

९ जानेवारी, मंगळवार

जागा एकच उरली आहे. मी किंवा रुपर्ट.

होल्त्सर जेवणाच्या टेबलापाशी उभ्याउभ्याच म्हणाले, "गुरुवारच्या सरावात दोघांत जो वेगवान, तो शनिवारच्या शर्यतीत उतरेल. दुसऱ्याने घरी जाऊन झोप काढावी." आमचे प्रशिक्षक असेच बोलतात. इतर कुठल्याही देशात जन्मलो असतो तर दोघंही उतरलो असतो. ऑस्ट्रियात परक्यांच्या आधी आपल्याच माणसाला हरवावं लागतं.

शनिवारी उतरलो नाही तर मार्चमध्ये संघातून नाव जाणार. हे कुणी सांगायला नको. स्कीसाठी शाळा अर्धी सोडली. दुसरं काही येत नाही.

१० जानेवारी

आईचा फोन. गावच्या मंडळाने शनिवारसाठी बस ठरवली!

"फ्रोनी मावशीने चादरीवर तुझं नाव रंगवलंय. अक्षरं एवढी मोठी काढली की आडनावाला जागाच उरली नाही. आता तू उतर म्हणजे झालं."

म्हटलं, अजून ठरलं नाही.

"न ठरायला काय झालं? पडलास का कुठे?"

नाही, आई.

"मग झालं तर."

समोरच्या पलंगावर रुपर्ट बूट पुसत होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. चौदाव्या वर्षापासून आम्ही एका खोलीत राहतो. आज दिवसभरात आमचं बोलणं एवढंच — "खिडकी लावू का?" "लाव."

११ जानेवारी, गुरुवार

क्रमाने लिहितो.

मी आधी उतरलो. आमच्यात रीत अशी, की खाली पोचलेल्याने वॉकीटॉकीवर वरच्याला वाट सांगायची — बर्फ कुठे टणक, कुठे फसवा. वर कोणीही असो. जंगल संपलं की उडी आहे. तिच्यानंतर डाव्या बाजूला सावली. तिथले खड्डे अंगावर येईपर्यंत दिसत नाहीत. मी उजवीकडून, लाल झेंड्याला खेटून आलो. वेळ चांगली होती.

वॉकीटॉकी हातात घेतला. "सगळं ठीक" एवढंच म्हटलं असतं तरी कुणी बोट दाखवलं नसतं. असं मनात आलं होतं. मग बटण दाबलं.

"रुपर्ट, उडीनंतर डावीकडे जाऊ नकोस. खड्डे आहेत. उजवीकडून ये."

"बरं."

तो डावीकडे गेला.

हेलिकॉप्टर आलं. गुडघा.

होल्त्सरनी विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

उजवीकडून ये म्हणून.

"मग?"

माहीत नाही.

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "शनिवारी तू."

१२ जानेवारी

सूप घ्यायला गेलो की सगळे सरकून जागा देतात. जरा जास्तच देतात. संघातला सर्वांत जुना योस्ट म्हणाला, "वेंडेल, उद्या मला वाट सांगू नकोस हं, बाबा. मला दोन्ही गुडघे हवेत." सगळे हसले. मीही हसलो.

रुपर्टला मी खोटा वाटलो. एवढ्या वर्षांनंतर. पण त्याच्या जागी मी असतो, तर मला तरी खरं वाटलं असतं का?

त्याचा पलंग आवरून ठेवलाय. उशीसुद्धा नेली.

१३ जानेवारी, शनिवार

उतरलो. सव्विसावा. आई रडली. मावशीची चादर वाऱ्याने उलटी झाली होती, मला नाव वाचताच आलं नाही. होल्त्सर म्हणाले, "नीटनेटका उतरलास." त्यांच्या तोंडी ही स्तुती नव्हे.

१५ जानेवारी

इस्पितळात गेलो. रुपर्टचा पाय वर टांगलेला.

"काय रे, सव्विसावा? मी या पलंगासकट उतरलो असतो तरी पंचविसावा आलो असतो."

विचारून टाकलं — गुरुवारी माझं बोलणं ऐकू आलं नव्हतं का?

"आलं की. शब्द न् शब्द."

मग खोटं वाटलं?

"वेडा आहेस का? तू आणि खोटं! अरे, खड्डे आहेत हे कळल्यावरच तर ठरवलं. उजवीकडून आलो असतो तर तुझ्या मागेच राहिलो असतो. डावी वाट सरळ पडते, वेळ वाचतो. पाय टिकला असता तर जागा माझी होती." मग म्हणाला, "तुला उतरताना दिसली नाही ती वाट?"

मी म्हटलं, नर्स जेवण घेऊन येतेय, निघतो.

१६ जानेवारी

दिसली होती. गुरुवारीही, शनिवारीही. दोन्ही वेळा मी उजवीकडे वळलो.