नातीचा हेडफोन आणि तुमची पांढरी पाच

गुरुजी, तुम्हाला लिहायला फार उशीर केला, माफ करा. तुम्ही होतात तोवर छाती झाली नाही आणि तुम्ही गेल्यावर वाटलं, आता कोणाला लिहायचं. त्यात सातवी नापास माणसाच्या चुकांना तुम्ही लाल शाईने गोल कराल ही धास्ती अजून आहे. पण मंगळवारी नगरच्या दुकानात जे झालं, त्यानंतर घास गोड लागत नाही, म्हणून लिहितो.

मी तो विद्यार्थी, ज्याचा डावा कान तुम्ही फोडलात. तुम्ही किती जणांचे फोडलेत माहीत नाही, म्हणून खूण सांगतो. आपली पाथर्डीकडची शाळा, दिपोटी साहेब तपासणीला आलेत, तुम्ही पेटीवर प्रार्थना घेताय. मी पहिल्या रांगेत आहे आणि एक पट्टी सुराला उतरून वाजली की माझं तोंड चिंच खाल्ल्यासारखं होतंय. साहेबांनीच विचारलं, काय रे, प्रार्थनेला तोंड का वाकडं करतोस. मी उभा राहिलो आणि बोट दाखवून म्हणालो, "सायेब, ती पट्टी खाली बोलती." तिला पांढरी पाच म्हणतात हे मला फार पुढे कळलं. साहेब हसले, पोरं हसली, तुम्हीसुद्धा हसलात. साहेबांची जीप वेशीबाहेर गेली, तेव्हा मला पुढे बोलावलंत आणि उघड्या पंजाने कानावर लगावलीत. म्हणालात, "आता ऐक बरं, कोणती पट्टी खाली बोलते ते."

आईने लसणाचं तेल कोमट करून कानात सोडलं, त्याने आणखी बिघडलं. तिला मी झाडावरून पडलो असं सांगितलं होतं. महिनाभर उशीला पू लागायचा. पुढे शुद्धलेखनाला तुम्ही वर्गात फिरत फिरत सांगायचात आणि माझ्या डाव्या बाजूला गेलात की माझ्या वहीत मोकळ्या जागा पडायच्या. त्या जागांसाठीही मार खाल्ला. सातवीला बसलो, नापास झालो आणि नगरला विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात लागलो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटारीला टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची आणि कोणत्या बाजूचं बेअरिंग गेलंय ते सांगायचं. चाळीस वर्षं एका कानावर भाकरी खाल्ली. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, याचा कान खोटं ऐकत नाही. ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

यंदा तुमच्या पुण्यतिथीला तुमच्या मुलाने शाळेच्या ग्रुपवर एक भजन टाकलं. तुम्ही निवृत्त झाल्यावर देवळात भरलेली कॅसेट. खाली लिहिलं होतं, आबांची तीच शाळेतली पेटी. तीच पेटी म्हणजे तीच पट्टी. म्हटलं, सापडलात. ती जागा कापून त्याच ग्रुपवर टाकायची आणि खाली लिहायचं, ऐका, पोरगं खरं बोललं होतं. त्या दिवशी हसलेले अजून सात-आठ जण ग्रुपवर आहेत. पण मोबाईलवर तबला, टाळ आणि मागे ओढणारी मंडळी यांच्या गलक्यात पेटी धड ऐकूच येईना.

माझी नात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते आणि काम संपलं की कॉम्प्युटरवर लढाईचे गेम खेळते. तिला भारीतला हेडफोन घ्यायचा होता, गेमलाही चालेल आणि गाण्यालाही. "आजोबा, तुम्ही चला, तुमचा कान लागेल," म्हणाली. मी गेलो, पण तिच्यासाठी नाही. निघताना भजन मोबाईलमध्ये आहे ना हे तिला तीनदा बघायला लावलं आणि तिच्याही मोबाईलमध्ये घालून घेतलं. गाडीत बसल्यावर नवीच काळजी. एवढ्या भारी वस्तूचा आवाज मोठा असला आणि उरलेला कानही गेला तर?

दुकानातल्या मुलाने पहिला हेडफोन दिला तो नुसता धबधब वाजणारा. "बाबा, बास बघा, छाती हालते," म्हणाला. छाती हलली, तुम्ही मात्र तबल्याखाली लपलात. दुसरा कान गच्च झाकणारा, त्यात सगळी मंडळी एका हौदात बसून गातायत असं वाटलं. नातीची पारख वेगळी होती. गेममध्ये पावलं वाजली की माणूस कोणत्या बाजूने येतोय ते कळायला हवं. तिने गंमत म्हणून मलाही दुकानातल्या कॉम्प्युटरवर खेळायला बसवलं आणि मी लगेच मेलो.

"डावीकडून आला होता, आजोबा."

"तिकडून येनारा मला कधीच कळला न्हाई," मी म्हणालो. ती हसली नाही. तिने मोबाईलमध्ये काहीतरी फिरवलं आणि दोन्हीकडचा आवाज माझ्या उजव्या कानात आणून सोडला. तिसरा हेडफोन बाहेरून जाळीचा होता. त्याच्यात भाता ओढल्याचा श्वास ऐकू आला, पट्टीवर तुमचं नख टेकल्याचा टकटक आवाज आला. मुलगा विचारत होता, बाबा, एवढं काय शोधताय. मी सांगितलं, एकाची चूक पकडायचीय.

आणि ती जागा आली. चूक नव्हती, गुरुजी. त्या जागेवर पेटीच नव्हती. वर जाताना प्रत्येक पट्टीला नख वाजतंय, पांढऱ्या पाचला वाजत नाही. बोट उचलून घेता, तेवढा एक सूर नुसत्या गळ्याने लावता आणि पुढच्या पट्टीवर उतरता. खाली येताना पुन्हा तसंच. सात कडवी, एकदाही बोट पडलं नाही. मी चारदा ऐकलं. मग मला दुकानात स्टुलावर बसवून पाणी द्यावं लागलं.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. पंचवीस वर्षं तुम्ही त्या पट्टीला वळसा घालत गेलात आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. नेवाशाच्या एसटी स्टँडवर एकदा भेटलात, मी वाकून पाया पडलो, तेव्हाही नुसतं "बरं आहे ना?" विचारलंत, तेही डाव्या बाजूने. पेटी चुकली असती तर मी जिंकलो असतो. आता ग्रुपवर काय टाकू, तुम्ही न वाजवलेली पट्टी? मरूनसुद्धा तुम्ही माझ्या हातचं काढून घेतलंत. मी माफ केलेलं नाही, हे स्वच्छ लिहून ठेवतो.

नातीने तोच जाळीचा घेतला. हे पत्र त्याच्या रिकाम्या खोक्यात घालून कपाटावर ठेवणार आहे. एक गोष्ट तिलाही सांगितलेली नाही. तिने आवाज मोठा करून दिला म्हणून नख ऐकू आलं, नाहीतर उजवा कानही गेल्या दिवाळीपासून उतरत चाललाय. तेवढं एक सांगा, पेटी दुरुस्त करणारे नगरला तेव्हाही होते, मग ती पट्टी तशीच का ठेवलीत? काय ते कळवा, पण लवकर कळवा. आणि या वेळी उजव्या बाजूने बोला.