काट्यावरचा बंद प्रोग्राम

तुमसर, शनिवार

प्रिय अतुलदादा,

फोनवर तू "उद्या पाहतो" म्हणतोस आणि विषय तिथंच संपतो, म्हणून लिहिते आहे. आम्ही बरे आहोत. बाबांचे गुडघे तसेच. नवा धान आला, आपल्या धर्मकाट्यावर सकाळपासून वजनाला गाड्यांची रांग असते.

वजनाच्या पावतीचा तुझा प्रोग्राम मागच्या दिवाळीपासून बंद होता. बाबांशी भांडून निघालास, त्याच सकाळी त्यात काहीतरी बदललं होतंस. तेव्हापासून पावती काढायला गेलं की तीच अॅट्रिब्यूट एरर: 'गाडी'त 'निव्वळ वजन' नाही. बाबा वर्षभर हातानंच पावत्या लिहीत राहिले. नागपूरचा माणूस बोलवू म्हटलं, नको. मी भंडाऱ्याला कॉलेजात हेच शिकते, मी पाहते म्हटलं तर खेकसले, हात लावायचा नाही, ज्याचं त्यालेच करू दे. पोरीवर भरवसा नाही, असं वाटून मला फार लागलं होतं. पण दर शनिवारी ते कॉम्प्युटरवरची धूळ पुसायचे, प्रिंटरमधले कागद पाहायचे आणि संध्याकाळी स्टेशनकडून येणाऱ्या ऑटोंकडे बघत बसायचे. मग मी विचारणं सोडलं.

काल सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "करून टाक बाई तूच. तो काही येऊन नाही राहिला."

चूक एवढीशीच होती, दादा. पावतीच्या क्लासमध्ये तू गाडीचा क्लास, म्हणजे तिचा साचा, घेतलास, पण नुसतं नाव लिहिलंस. पुढचे कंस आणि त्यातली दोन वजनं राहून गेली. त्यामुळे गाडी तयारच होत नव्हती आणि पावती तिचं वजन मागत होती. कंस घातले, भरलेलं आणि रिकामं वजन दिलं. पावती निघाली तेव्हा माझा चहा अजून कोमट होता. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, रडूही आलं नाही. बाबांनी पावती पाहिली, ठीक आहे म्हणाले आणि कॉम्प्युटरपुढची तुझी खुर्ची ड्रायव्हर लोकांसाठी बाहेर नेऊन ठेवली.

आज बाबांनी धूळ पुसली नाही. संध्याकाळी रस्त्याकडे पाठ करून बसले. तुझ्यावाचून इथं आता काही अडलेलं नाही, एवढंच कळवायचं होतं. यायचं तर आता काही काम नसतानाच यावं लागेल. तसाच ये.

तुझीच,
खुशबू