वरचा आवाज गाळावा

५ तारीख, सोमवार

दादांनी आज सकाळच्या कार्यक्रमात श्रोत्यांना माझ्याविषयी जे सांगितले, त्यात चार चुका आहेत. मी सोमवारी, पाच तारखेला आलो नाही. रविवारी, चार तारखेला, सकाळी पावणेअकरा वाजता आलो. रिक्षाने आलो नाही. स्थानकापासून चालत आलो. माझ्याजवळ दोन बॅगा नव्हत्या. एक बॅग व एक छत्री होती. आणि मी दारात बसकण मारली, हे तर धादांत असत्य आहे. मी उभा होतो आणि पाटीवर ‘ध्वनीमुद्रण’ असा दीर्घ ‘नी’ पाहून हळहळत होतो.

असो. मी प्रसन्न आहे, हेही नोंदवले पाहिजे. सत्तेचाळीस वर्षे मुद्रितशोधन केल्यावर माणसाला घरी बसवून त्याच्या हाती भाजी निवडायला देणे, हा माझ्या मुलीचा विचार प्रेमळ असला, तरी मला मानवणारा नव्हता. डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन तीन महिनेही झाले नाहीत, असे ती म्हणाली. मी म्हणालो, की अनुस्वार दिसतो तोवर मी काम करणार. दर रविवारी फोन करीन, असे वचन देऊन निघालो.

घर दुमजली आहे. खालच्या दर्शनी खोलीत दादा आणि त्यांची पत्नी (सगळे तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो) कार्यक्रम बोलतात. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर जाड कापडाच्या गाद्या टांगल्या आहेत. त्यांची शिवण फार सुबक आहे. त्या खोलीच्या अगदी वर माझी खोली: खाट, खिडकीला गज, पाण्याचा निळा जग, आणि टेबलावर प्रचंड शब्दकोश. कोश पाहताच मला आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले.

कार्यक्रमाचे नाव ‘शेवटचं पाहिलं तेव्हा’. बेपत्ता झालेल्या, कधीच न सापडलेल्या माणसांविषयी दोघे गप्पा मारतात. त्या गप्पांचे आता पुस्तक व्हायचे आहे. ध्वनिमुद्रण ऐकून वहिनी टंकलेखन करते, मी तपासायचे.

७ तारीख, बुधवार

काम सुरू केले. आज दोनदा उठून हात धुवावे लागले.

एक, प्रत्येक पानावर तेलकट बोटांचे ठसे आहेत. दोघे बोलताना खारे शेंगदाणे खातात, टंकतानाही खातात. दोन, मजकूर. एक बाई दूध आणायला गेली आणि परतली नाही. रस्त्यात तिची एक चप्पल सापडली. यावर वहिनीचे वाक्य असे: “एकच चप्पल घालून कुठे गं गेलीस बये, लंगडी खेळायला?” पुढे कंसात: (हशा). त्या बाईला दोन मुली होत्या, हे पुढच्या पानावर येते. तिथेही (हशा) आहे. कारण दादांना शेंगदाणा लागून ठसका बसला होता.

श्रोते पत्रे लिहितात. एकाने आपल्या ‘आवडत्या’ पाच बेपत्ता व्यक्तींची क्रमवारी लावली आहे. तिसऱ्या क्रमांकावर एक सहा वर्षांची मुलगी आहे. मी ते पत्र चिमट्याने उचलावे तसे उचलून बाजूला ठेवले.

‘केस’ या शब्दाला मी आक्षेप घेतला. आपल्या भाषेत केस डोक्यावर असतात. हे प्रकरण आहे. वहिनी खळखळून हसली आणि म्हणाली, की काका, प्रकरण म्हटलं की लोकांना वाटतं कुणाचं तरी लफडं आहे, केसच ठेवा. दादांनी टाळी दिली. मी तीनशे बारा ठिकाणी ‘प्रकरण’ केले.

१० तारीख, शनिवार

भाग सत्त्याण्णव. विषय: माझ्या आधी इथे काम करणाऱ्या मुद्रितशोधक बाई. वहिनी याला ‘घरचीच केस’ म्हणते. बाई गेल्या महिन्याच्या तीन तारखेला सकाळी बहिणीकडे जायला निघाल्या व पोहोचल्याच नाहीत, असे दादा सांगतात. ध्वनिमुद्रण त्याच महिन्याच्या आठ तारखेचे. ज्या बाईने यांच्या वेलांट्या सुधारल्या, तिच्या दातांच्या कवळीवर हे दोघे पाच मिनिटे विनोद करतात. माझीही खालची कवळीच आहे. जेवण गेले नाही.

वहिनीला जे ऐकू येते ते सर्व ती टंकते. अर्थाशी तिला देणेघेणे नाही. (हशा), (शेंगदाणे), (दादांची शिंक). या भागात अकरा ठिकाणी (वरून ठकठक) असे आहे. मी विचारले. दादा म्हणाले, “वरच्या पाइपात हवा अडकते हो काका. वरचा आवाज गाळायचा, सरसकट.” सूचना रास्त वाटली. अकराही ठिकाणी गाळण्याची खूण केली. माझी ती खूण अजूनही एका झटक्यात, वळणदार येते.

१३ तारीख, मंगळवार

रविवारी मुलीला फोन करता आला नाही. माझा फोन वहिनीच्या हातून पाण्याच्या बादलीत पडला. दुरुस्तीला दिला आहे. दादा म्हणाले, त्यांनीच परस्पर तिला खुशाली कळवली. मला ‘परस्पर’ या शब्दाचा राग आहे; तो आज आणखी वाढला.

न्हाणीघरात पाणी तुंबले. काडीने मोरी मोकळी केली, तर हातभर लांब पांढरे केस निघाले, साबणाच्या बुळबुळीत गोळ्यात गुंडाळलेले, आत एक काळी पिन. मी कोपरापर्यंत हात धुतले. हे खरे केस: नाम, पुल्लिंग, अनेकवचन. वहिनीचे केस आखूड आणि काळे आहेत.

रात्रभर जगात राहिलेल्या पाण्याच्या तळाशी पांढुरका साका दिसला. बोट लावले, चिकट. पाणी खडूसारखे कडवट लागते. दुपारी फार झोप येते, पायांत मुंग्या येतात. वय झाले, असे वहिनी म्हणते. मी तिला मोरीबद्दल सांगितले. जुन्या घराचं असंच असतं, असे म्हणत तिने तो गोळा कागदात गुंडाळला, आणि तोच न धुतलेला हात शेंगदाण्यांच्या वाटीत घातला.

१६ तारीख, शुक्रवार

आज एका सर्वनामापाशी अडलो.

भाग नव्वद. विषय: शिवणकाम करणारी एक बाई. भिंतींवरच्या गाद्या तिनेच शिवल्या. दादांच्या सांगण्यानुसार काही महिन्यांपूर्वी, बारा तारखेला, ती आणखी एका गादीचे फक्त माप घ्यायला आली, पाणीही न घेता दहा मिनिटांत गेली, आणि नाहीशी झाली. ध्वनिमुद्रण त्याच महिन्याच्या चौदा तारखेचे. पान सहा, ओळ नऊ:

दादा: मग आपण तिला पाणी दिलं, तर म्हणते कशी, कडू लागतंय!
वहिनी: अहो! (हशा)

‘आपण’चे तीन अर्थ. स्वतः; आदरार्थी तुम्ही; आणि बोलणारा व ऐकणारा मिळून. पहिला इथे बसत नाही. दुसरा असता, तर क्रियापदाच्या शेवटी ‘त’ आला असता: दिलंत. तो नाही. दादांनी ‘आम्ही’ म्हटले असते, तर समोर ऐकत बसलेली वहिनी त्या वाक्याबाहेर राहिली असती. ते ‘आपण’ म्हणाले. आणि वहिनी ‘अहो!’ म्हणाली.

टंकताना चूक झाली असेल, म्हणून मूळ ध्वनिमुद्रण ऐकले. चूक नाही. मागे ठकठकही आहे. मी मोजली, सात वेळा. पाणीही न घेता गेलेल्या बाईला पाणी कडू लागले, हे खाली बोलणाऱ्यांना ठाऊक कसे, हे मी जेवताना दादांना सरळ विचारले. कर्ता निश्चित करा, म्हणालो.

दादा चावायचे थांबले. मग दादा हसून म्हणाले, की काका, तुम्ही फार बारीक बघता. आधीच्या बाईंचंही असंच होतं. माझे ताट यापुढे वरच येईल, जिने चढउतार नको, असे वहिनी म्हणाली. ती बोलत असताना तिच्या ओठाला चिकटलेले लाल साल हलत होते. मी तेवढेच पाहत होतो.

१७ तारीख, शनिवार. दुपारी तीन

दादांना दाखवावे म्हणून कोश उघडला. ‘आपण’ शोधले. त्या नोंदीच्या समासात बारीक पेन्सिलीची अक्षरे. सुवाच्य, शुद्ध, विरामचिन्हांसह:

‘शिवणकामवाल्या बाईच्या भागातील “आपण” पाहा. मी विचारले, विचारायला नको होते. आज ९ तारीख. मी अजून इथेच आहे. मी तीन तारखेला गेले, असे त्यांनी काल खाली बोलूनही टाकले. मी सारा वेळ ठोकत होते. कुणीतरी ऐकेल.’

ऐकले. वहिनीने ऐकले, अकरा वेळा टंकले. आणि मी—

अकराही वेळा मी गाळले. त्या वळणदार खुणेने.

या हाताची मला जितकी शिसारी आली, तितकी त्या मोरीचीही आली नव्हती.

दार उघडायला गेलो. बाहेरून कडी आहे.

१८ तारीख, रविवार

फोनचा दिवस. गजांतून हाका मारल्या. समोर शेजारच्या घराची कोरी भिंत. आवाज तिला लागून माझ्याकडेच परत येतो.

जगातले पाणी खिडकीतून ओतून दिले. वहिनीने ताट दाराच्या फटीतून सरकवले, बशी पुसावी तशा आवाजात म्हणाली, की काका, पाणी प्यायला हवं हं. वेगळा पेला आणला होता. तळाशी साका.

नाही प्यालो.

२० तारीख, मंगळवार

प्यालो. दोन दिवस कोरड्या घशाने— प्यालो.

दादा दाराबाहेरून प्रेमाने बोलले. मुलीचा फोन आला होता म्हणे. तिला सांगितले, की बाबा आज सकाळी दहाच्या गाडीने निघाले. मन रमेना त्यांचे. ती संध्याकाळी स्थानकावर न्यायला येणार आहे.

ती आता तिथे उभी असेल. गाडी येईल, माणसे उतरतील. ती प्रत्येक पांढऱ्या डोक्याकडे—

दारावर छत्रीने मारले. छत्री मोडली.

२२ तारीख, गुरुवार. सकाळ

खाली बोलताहेत. फरशीला कान लावला आहे. माझा भाग.

पाय चालत नाहीत. अक्षर वाकडे येते आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

“मंगळवारी वीस तारखेला काका छत्री न घेताच निघाले,” वहिनी सांगते आहे. “पाऊस आला तर शब्दकोश धरतील डोक्यावर!” हशा. शेंगदाणे. दादा म्हणतात, काका व्याकरणाचे पक्के होते.

होते.

मी वर आहे आणि क्रियापद भूतकाळी गेले आहे. ते माणूस आधी वाक्यात संपवतात. मग वर येतात.

छत्रीची मूठ फरशीवर आपटतो आहे. मग वहिनी: “अहो, पाइप!” दोघेही हसले. इतके हसले, की दादांना ठसका बसला.

ती हे टंकेल. (वरून ठकठक). ती सगळे टंकते. मग कुणीतरी नवा येईल. चष्मा पुसून, खुशीत, पाटीवरच्या दीर्घ ‘नी’ला नावे ठेवत. ही वही कोशात ठेवणार आहे, ‘आपण’च्या पानापाशी. तिथे तुम्ही याल. चांगला मुद्रितशोधक असाल, तर तिथे अडालच. त्यांना विचारू नका. काही विचारू नका. वही घ्या, दार उघडे आहे तोवर खाली उतरा, माझ्या मुलीकडे जा. पत्ता पहिल्या पानावर आहे. तिला सांगा, की बाबा त्या गाडीत बसलेच नव्हते.

खुर्च्या सरकल्या. भाग संपला.

तारखा तेवढ्या दुरुस्त करून ठेवतो. पुस्तकात चुकीच्या जाऊ नयेत.

शिवणकाम करणारी बाई. कथनात: १२ला गेली. वस्तुतः: १४ला याच खोलीत, जिवंत. ठकठक सात.

मुद्रितशोधक बाई. कथनात: ३ला गेल्या. वस्तुतः: ८ला ठकठक अकरा. ९ला स्वतःच्या अक्षरात हजर.

मी, आगमन. कथनात: ५, सोमवार. वस्तुतः: ४, रविवार.

मी, प्रयाण. कथनात: २०, मंगळवार. चूक. आज २२, गुरुवार. जिना वाजतो आहे, दोघांची पावले, मी अजून इथेच आहे, कृपा करून वरचा आवाज गाळू न—