वीतभर लांब

प्रिय ठकू,

तू फोन केलास की पहिला प्रश्न एकच, "घेतली का गाडी?" आणि दर वेळी तुझे बाबा फोन माझ्या हातात कोंबून झाडांना पाणी घालायला पळतात. परवा तर बाहेर पाऊस पडत होता, तरी पळाले. मीही "बघतोय गं, ठरतंय" म्हणून वेळ मारून नेली. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे माझं अर्धं वाक्य तूच पुरं करतेस, आणि ते माझ्या मनातलं नसतं. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

जुन्या गाडीचं तुला ठाऊकच आहे. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि पेशंटचं पांघरूण सारखं करावं तसं हळूच बंद केलं. "काका, हिनं पुष्कळ केलं," एवढंच म्हणाला. घरी येऊन चहा पिताना बाबा एकदम म्हणाले, "नवी घेताना घाई करायची नाही." तेव्हाच मला शंका आली होती, की यांच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

तुझा सल्ला तर तयारच होता. हॉस्पिटलात नर्सच्या ड्यूट्या लावतेस तशी आमचीही लावून ठेवली होतीस. तुझ्याच इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मालकाला सांगून आमच्यासाठी धरून ठेवलेल्या. तुझी मुंगी शाळेतून सुटली की थेट आजीकडे. आणि गाडी तळघरातल्या त्या लोखंडी पाळण्यात, जो एक गाडी उचलून वर धरतो आणि तिच्या खाली दुसरीला जागा करतो. त्यात लांब गाडी मावत नाही, म्हणून हॅचबॅक. किती लांबीपर्यंत चालेल तेही सांगून ठेवलंस. जावईबापूंनी खोल्यांचा रंगसुद्धा निवडला. इतका विचार आमचा आम्ही कधी केला नव्हता, खरंच सांगते. मी सगळ्याला हो-हो करत गेले. म्हटलं, मुलगी बोलावतेय, आणखी काय हवं माणसाला?

शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. समोरून बघितल्या तर जुळ्या बहिणी. तेच डोळे, तेच नाक. फरक पाठीमागे. एक नेमकी कापलेली, दुसरीला भरपूर पाठ. माझा जन्म पडदे शिवण्यात गेला, त्यामुळे मला वाटलं, एकाच ताग्यातलं कापड आहे, फक्त दुसरीला दुमडीसाठी जास्तीचं सोडलंय. विकणारा मुलगा गोड होता. म्हणाला, "दोघांनाच हवीय ना काकू? मग हॅचबॅक. ही लांब डिकीची, इस्टेट म्हणतात हिला, फार लांब पडते." बाबांनी लगेच संधी साधली. "जन्मात कधी इस्टेट केली नाही बाबा आम्ही, निदान बघू तरी दे." तो बिचारा हसला. मला हा विनोद त्यानंतर घरी, दुकानात आणि शेजारणीसमोर पुन्हा ऐकावा लागला, ते सोड.

हॅचबॅक मी स्वतः चालवून बघितली. खोटं कशाला बोलू, मला आवडली. चुणचुणीत गाडी. गल्लीत वळवली, मागे घेतली, एका दमात दोन गाड्यांच्या मध्ये लावली. बाबांनी तोंडातल्या तोंडात "वा" म्हटलं, आणि त्यांच्याकडून गाडी चालवण्याबद्दल "वा" म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. मी मनात तुझ्या इमारतीत पोचलेसुद्धा होते. मुंगीला शाळेतून आणतेय, ती मागच्या सीटवर बसून दिवसभराच्या तक्रारी सांगतेय, कोणी पेन्सिल घेतली, कोण आता मैत्रीण नाही. तिच्या तक्रारी ऐकायला मला किती आवडतात गं.

परत आल्यावर मी मुलाला किमतीचं विचारत बसले, आणि वळून बघते तर तुझे बाबा कुठे दिसेनात. त्या लांब गाडीचा मागचा दरवाजा वर उघडा होता, मागची सीट आडवी केलेली, खाली त्यांचे बूट नीट जोडून ठेवलेले आणि आत ते उताणे झोपलेले. हात पोटावर. विकणारा मुलगा धावत गेला. "काका, बरं वाटत नाहीये का?" बाबा म्हणाले, "उलट फार बरं वाटतंय." मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. "अगं, ये की. जागा आहे." म्हटलं, "अहो, लोक बघतायत!" तर म्हणे, "बघू देत, शोरूम बघायलाच असतं." मी बूट काढले आणि चढले, ठकू. भर दुपारी, शोरूमच्या मधोमध, तुझी आई आणि तुझे बाबा गाडीच्या डिकीत शेजारी शेजारी पडून वरच्या टपाकडे बघत होते. एक जोडपं गाडी बघायला आलं. त्यातली बाई आत डोकावली आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "चल, ही गेलेली दिसते." हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

तिथे पडल्या पडल्याच त्यांनी बोलायला सुरुवात केली. तुला त्यांच्या बसचा शेवटचा थांबा आठवतो? पाण्याच्या टाकीजवळचा, जिथे तू लहानपणी त्यांच्याबरोबर हट्टाने जायचीस? सगळी नोकरी त्यांनी त्या एकाच मार्गावर बस चालवत काढली. टाकीला वळसा घालायचा आणि मागे फिरायचं. रस्ता मात्र पुढे टेकडीवर चढत जायचा. कोणी विचारलं, "पुढे काय आहे हो?" तर म्हणायचे, "माझी हद्द इथपर्यंत." निवृत्त झाल्यावर एका सकाळी जुनी गाडी काढून आम्ही दोघं टाकीच्या पुढे गेलो होतो, ते तुला सांगितलंच नाही. टेकडीपलीकडे एक बंद पडलेली खडीची खाण होती, आणि तिच्या कडेला एक शेळी. बस. मला वाटलं, आता हिरमुसतील. छे! "काही नाहीये इथे!" असं हातात खजिना लागल्यासारखं ओरडले, आणि पुढचा आठवडाभर शीळ घालत हिंडत होते. मला तेव्हा कळायला हवं होतं, आणि थोडं कळलंही होतं. पण तू खोल्या धरल्या होत्यास, म्हणून मी ते घडी घालून ठेवून दिलं.

शोरूममध्ये मात्र ती घडी उलगडली. डिकीत पडून ते म्हणाले, "आधी वर डोंगराच्या बाजूला. मग समुद्र. मग तू म्हणशील तिकडे." मी विचारलं, "आणि परत कधी यायचं?" म्हणाले, "वेळापत्रक नको ना गं आता."

मी उतरले आणि पर्समधून टेप काढली. आधी हॅचबॅकची लांबी घेतली. तुझ्या पाळण्यात ती आरामात बसली असती. मग दुसरीची. टेपचं एक टोक बाबांनी धरलं होतं. आकडा आम्ही दोघांनी वाचला. तू सांगितलेल्या मापापेक्षा वीतभर जास्त. विकणाऱ्या मुलाने विचारलं, "काकू, कुठे अडणार आहे का?" बाबा टेपचं टोक धरून नुसते उभे होते. त्यांनी काही म्हणायची मी वाट बघत होते आणि ते माझी. मला ठाऊक होतं, मी "मावत नाही हो" म्हटलं असतं तर त्यांनी मुकाट्याने हॅचबॅकच्या कागदावर सही केली असती आणि पुन्हा कधी विषय काढला नसता. म्हणून मी आकड्यावर बोट ठेवून उभी राहिले, आणि मग टेप घेऊन त्या लांब गाडीच्या मागच्या खिडक्यांची पडद्यांसाठी मापं घ्यायला लागले. मुलगा म्हणाला, "काकू, काचा काळ्या करून मिळतात की." म्हटलं, "पडदा सकाळी सरकवता येतो, बाळा." बाबा एकदम दुसरीकडे बघायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

तर गाडी आली आहे. दारात उभी आहे आणि शेजारचं मांजर टपावर झोपलंय. पडदेही शिवून झाले. तुझ्या खोलीतले ते पिवळे, माशांचे पडदे काढले, तुला न विचारता. कापड अजून छान आहे, नुसते मासे थोडे विटलेत.

आता तू नेहमीप्रमाणे माझं वाक्य पुरं केलंच असशील, पण ते मीच लिहिते. आम्ही त्या दोन खोल्यांत राहायला येणार नाही, ठकू. मालकाला महिनाअखेरपर्यंत कळवायचंय, म्हणून पत्र आजच टाकतेय. मिळालं की मालकांना फोन कर. रडायचं असेल तर आधी रडून घे. तुझी ओढाताण होईल, मुंगीला सांभाळणाऱ्या बाईंना पुन्हा विनवावं लागेल, आणि "आमच्या वेळी कसं होतं" हे मी तुला ऐकवणार नाही. जावईबापूंना सांग, रंग सुरेख होता. आम्ही येऊ, पुष्कळदा येऊ, पण पाहुणे म्हणून. गाडी बाहेर रस्त्यावर लावू आणि जाताना तुझी मुलगी मागू. शोरूममध्ये मी उतरायच्या आधी बाबा थोडे कडेला सरकले होते. मलाही सरकवलं, मधल्या जागेवर हात आपटला आणि म्हणाले, "इथे मुंगी." त्या जागेचं माप मी टेपने घेतलं नाही. तू तिला सुट्टी लागली की पाठव, तेव्हा तिलाच आडवी करून बघू.

तुझीच, वेळापत्रक नसलेली
आई