पारोशी वाळू

बोर्ली पंचतन

प्रिय अख्तर,

फोनवर तू नुसतं ‘बरं’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र. जिब्रानचा फोन आला होता. तुझ्या इथल्या घराला गिऱ्हाईक आलंय, रविवारी माणूस माझ्याकडची चावी न्यायला येईल म्हणाला. अम्मीला विचारलंस का, म्हटलं, तर म्हणतो, मावशी, नळाला पाणी नाही तिथे अम्मी राहणार कशी? गावाचं पाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर मी केमिस्ट, आणि पाइपलाइनच्या शेवटाला माझ्याच मैत्रिणीचं घर कोरडं. तू कधी टोमणा मारला नाहीस. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रागावल्या की गप्प बसायचीस, तशीच गप्प बॅग भरून पनवेलला मुलाकडे गेलीस.

धरणातून येतं किती आणि गावांना जातं किती, याचा मेळ आमच्याकडे कधी बसायचा नाही. सगळे गळक्या पाइपांना नावं ठेवायचे. यंदा मी वाळूचे फिल्टर धुतात त्या पाइपलाही मीटर लावून घेतला. पाणी तिथे जात होतं. आमचा ऑपरेटर चांगदेव रोज सकाळी शुद्ध पाणी उलटं सोडून सगळे फिल्टर धुवायचा, मळलेले असोत नसोत. विचारलं, तर म्हणाला, बाई, पारोशा वाळूचं पाणी लोकांना पाजू व्हय? मला हसू आलं. मीसुद्धा आंघोळीशिवाय चहा घेत नाही. मग त्याच्यासमोर गढूळपणा मोजला. नुकत्याच धुतलेल्या वाळूतलं पाणीच जरा गढूळ निघालं. थोडी मळली की ती नीट गाळते. त्याने नमुना बदलून पुन्हा पाहिला. मंग ऱ्हाऊ दे पारोशी, म्हणाला, फक्त माझ्या आईला सांगू नका. आता मोजून, गरज असेल तेव्हाच धुतो. वाचलेलं पाणी पुढे जातं.

तुमच्या विहिरीचं पाणी आठवतं, खारं व्हायच्या आधीचं? सुट्टीत हॉस्टेलवरून तुझ्याकडे आले की तुझी आई आधी माझी ओंजळ भरायची, मग ख्यालीखुशाली विचारायची.

काल तुझ्या शेजारची रचना सांगत आली, तुझ्या फाटकाखालून पाणी वाहतंय. मी चावी घेऊन गेले. पाणी आलेलं ऐकू यावं म्हणून अंगणातला नळ उघडा ठेवून खाली हंडा ठेवायचीस ना, जातानाही तसाच ठेवून गेली होतीस. हंडा भरून वाहत होता. मी नळ बंद केला. रविवारी तो माणूस आला, तर चावी सापडत नाही म्हणेन. तू येऊन माग, लगेच सापडेल.

तुझीच,
हेमांगी