उबाल्डोच्या शेळ्यांचे कान

रिंकोन, बोनेर
५ फेब्रुवारी १९८५

चि. सौ. लुक्रेशियास,
वहिनीचे आशीर्वाद, वि. वि. मी धडधाकट आहे. तू कशी आहेस ते आधी कळव, बाकीचं नंतर.

तुझा उबाल्डोदादा गेल्याला रविवारी नऊ महिने झाले. संध्याकाळी वर्तमानपत्र मी अजून मोठ्यानेच वाचते. त्याला अक्षर येत नव्हतं, मीही दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, पण सवय ती सवय. आता मध्येच कोणी थांब, तेवढं परत वाच म्हणत नाही, त्यामुळे लवकर वाचून होतं.

त्यातच बातमी आली. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत चरणाऱ्या शेळ्या यापुढे तिथे ठेवायच्या नाहीत; कोवळी रोपं खातात म्हणे. खातातच. २ मार्चला, शनिवारी, सगळ्या आतल्या दगडी कोंडवाड्यात हाकून आणणार. ज्याने त्याने यायचं, कानावर कापलेली आपली खूण ओळखायची, आपल्या न्यायच्या. उरतील त्या खाटकाकडे.

बेतो आला होता. मटण आणि मक्याच्या पिठाची फुंची दोनदा वाढून घेतली, बोटं चाटली आणि मग म्हणाला, वहिनी, खूण घरातल्या पुरुषाची असते, दादानंतर ती माझी. मी जाऊन आणतो, नाताळला तुला एक बोकड पाठवतो. तू कशाला त्या खडकांत गुडघे फोडून घेतेस! मी म्हटलं, गुडघे माझे आणि शेळ्याही माझ्या. सदतीस वर्षं त्यांची बाळंतपणं मी केली, तेव्हा तू कुठे होतास? तो हसला. मी थट्टा करतेय असं वाटलं त्याला.

मी जाणार आहे. बेतो तुझाही भाऊ, म्हणून तुला आधी सांगितलं. मागाहून दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको.

मुलांना पापा. राग आला तर रागाचं पत्र पाठव, पण पाठव.

तुझी
सेफेरिना वहिनी


विलेमस्ताद, कुरासाव
१४ फेब्रुवारी १९८५

ती. सेफेरिना वहिनीस,
सा. न. वि. वि. राग आला, म्हणून मागितलंस तसं रागाचंच पाठवते.

तिकडच्या किनाऱ्यावर वारा माणसाला उभं राहू देत नाही. गेल्या वर्षी तू चर्चच्या पायरीवरून पडलीस. पायरी होती एक, आणि वारा नव्हता. बेतो तोंडाचा फाटका आहे, पण मनाने वाईट नाही. तुम्ही दोघं भांडणार आणि मधल्या मध्ये मी चेंगरणार.

पण मला टोचतंय ते वेगळंच. खुणेवरून वाद झाला की तू ते बोलून जाशील. बारा वर्षांपूर्वी तुमच्या परसात मी पाहिलं होतं. दादा करडू छातीशी धरून, तोंड फिरवून उभा, आणि सुरी तुझ्या हातात. रक्ताचा थेंब दिसला की त्याला घेरी यायची, हे तुला, मला आणि देवाला ठाऊक. रिंकोनच्या पुरुषांना कळलं तर मेल्यावरही त्याला सोडणार नाहीत. शेळ्या पाळायचा आणि करडाचा कान कापवत नव्हता म्हणतील! कोंडवाड्याच्या भिंतीवर बसणाऱ्यांच्या जिभा तुला माहीत आहेत.

शेळ्या गेल्या तर जाऊ देत, वहिनी. त्याचं नाव राहू दे.

लोभ आहे, तो या पत्राने पातळ होऊ नये.

तुझी
लुक्रेशिया


रिंकोन
५ मार्च १९८५

चि. सौ. लुक्रेशियास,
अनेक आशीर्वाद. तुला शब्द दिला नव्हता, तरी मी आपणहून काही बोलले नाही. काय झालं ते ऐक.

पाण्याच्या गाडीने फाटकापर्यंत गेले. फाटकावरचा माणूस म्हणाला, मावशी, या चपलांनी आत सोडता येत नाही, वाट खडकांची आहे, बूट पाहिजेत, पाटी बघा. मी पाटी वाचली, खालच्या बारीक अक्षरांसकट. बुटांचं होतं, अनवाणी पायांचं काही नव्हतं. चपला काढल्या, त्याच्या टेबलावर ठेवल्या आणि आत गेले. तो मागून ओरडत राहिला, मावशी, काटे आहेत, काटे! मी म्हटलं, मला ओळखतात ते.

दोन तास लागले. डोंगर चढताना ठीक होतं. पुढे किनाऱ्याचा तो धारदार दगड, सगळा सुऱ्या उभ्या केल्यासारखा, आणि समोरून वारा. टाच फाटली. थांबले नाही, थांबले असते तर बसले असते.

बेतोने माझ्या शेळ्या आधीच एका कोपऱ्यात वेगळ्या केल्या होत्या. मला बघून म्हणाला, वहिनी आली, आता कॉफी मिळेल. सगळे हसले. कारकुनाने वहीतून मान वर करून विचारलं, खूण एक आणि माणसं दोन, लिहू कोणाचं? बेतो म्हणाला, माझं. मी म्हटलं, माझं.

तेव्हा म्हातारा इनोसेंसियो उठला. गावातल्या यच्चयावत शेळ्यांचे कान त्याला पाठ. म्हणाला, यंदाच्या करडांना अजून खूण नाही. ज्याची खूण त्याने कापून दाखवावी. बेतोने कापली. झटकन, स्वच्छ, नाव ठेवायला जागा नाही. इनोसेंसियोने तो कान माझ्या एका म्हाताऱ्या शेळीच्या कानाशेजारी धरला. बेतोची खाच डोक्याकडे झुकलेली, शेळीची कानाच्या टोकाकडे. दुसरी शेळी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या तशाच. म्हणाला, हा डावखुऱ्या माणसाचा हात आहे, आणि उबाल्डो डावखुरा नव्हता.

मी डावा हात पुढे केला. बेतो सुरी देईना, इनोसेंसियोने ती काढून मला दिली. करडू धरायला कोणी नव्हतं. गुडघ्यांत दाबलं आणि कापलं. खाच टोकाकडे झुकली. कारकुनाने माझं नाव लिहिलं.

मग भिंतीवरून एकजण म्हणाला, अरे, मग उबाल्डो काय करायचा? दुसरा म्हणाला, डोळे मिटायचा! आणि हशा.

लुक्रेशिया, तुझी भीती एका श्वासात खरी झाली. खाली मान घालून शेळ्या घेऊन निघता आलं असतं. मी निघाले नाही. त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे त्याहून मोठ्याने म्हणाले, हो, मिटायचा! कापायचे मी, धरायचा तो. त्याने धरलेलं करडू कधी ओरडलं नाही. तुमची सकाळपासून बोंबलतायत, समुद्रात बोटींना ऐकू जात असेल. धमक असेल त्याने यावं आणि एक करडू न ओरडू देता धरून दाखवावं. भिंतीवरचा तो पहिला खाली उतरला. करडू असं किंचाळलं, आणि त्याच्या सदऱ्यावर मुतलं. दुसरा कोणी उतरला नाही.

शेळ्या परसात आहेत, कुंपण अपुरं आहे, रोज भांडतायत. दादाचं नाव मी राखलं की घालवलं ते तू ठरव. माझ्यापुरतं माझं ठरलंय.

घरच्यांना विचारल्याचं सांग. रुसलीस तर मुदत कळव.

तुझी
सेफेरिना वहिनी


विलेमस्ताद
१३ मार्च १९८५

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि. तुझ्या पत्राआधी गोष्ट बोटीने इथे पोचली होती. दोन दिवस मी तुझ्यावर रुसले. मुदत संपली.

काल मासळी बाजारात रिंकोनची एक बाई भेटली. हसू दाबत म्हणाली, काय गं, तुझा दादा म्हणे डोळे मिटायचा? खोटं आहे, असं माझ्या तोंडाशी आलं होतं.

तेवढ्यात आठवलं. मी सात वर्षांची असताना झाडावरून पडून हात मोडला. हाड बसवणारी म्हातारी आली, तेव्हा मला दादाने मांडीवर धरलं होतं. मी वर पाहिलं तर त्याचे डोळे गच्च मिटलेले, ओठ पांढरे. पण हात ढळले नाहीत. वहिनी, मी रडले नव्हते. इतकी वर्षं मला वाटायचं मीच धीराची.

मी त्या बाईला सांगितलं, सगळ्या मासेवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, की हो, मिटायचा; आणि तुमच्या घरात उघड्या डोळ्यांनी असं धरणारा कोणी असेल तर त्याचं नाव सांग. तिने माशाचा भाव विचारला.

बेतोलाही लिहिलंय. तुझ्या घरी यायचं तर कुंपणाचे खांब घेऊन ये, रिकाम्या हाताने मटण खायला नको.

लोभ होता, आता थोडा धाकही वाटतो. दोन्ही राहू देत.

तुझी
लुक्रेशिया